एकाच माउंटच्या दोघी

डोंबिवली पूर्व,
१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

प्रिय चंदे,

आठवीतला भूमितीचा तास आठवतो? खिडकीजवळचं बाक. तुझ्याकडे कर्कटक होतं आणि पेन्सिल नव्हती. माझ्याकडे पेन्सिल होती आणि कर्कटक हरवलेलं. तुझ्या कर्कटकाची कडी अरुंद, तिच्यात माझी जाडी पेन्सिल बसेना, म्हणून मी ब्लेडने पेन्सिलचं बूड तासलं. मग आपण दोघी वहीवर ओणव्या झालो. तू टोक रोवून धरलंस, मी पेन्सिल फिरवली. सिस्टर लुईझा मागे येऊन उभ्या राहिल्या. "वर्तुळ एक आणि मुली दोन. मार्क कोणाला देऊ?" तू उभी राहून म्हणालीस, "अर्धे अर्धे, सिस्टर." आणि त्यांनी खरंच प्रत्येकीला अर्धे दिले.

आज शस्त्रपूजेला कॅमेरा पाटावर मांडला तेव्हा हे सगळं आठवलं. शेजारी तुझी वाइड लेन्सही ठेवली. माळशेजहून आल्यापासून ती माझ्याकडेच आहे. तिच्यावर तुझ्या नेलपॉलिशचे ठिपके आहेतच, तेव्हा कुंकू लावलं नाही. फूल वाहिलं.

आता आधी पाणी पी आणि मग पुढचं वाच.

मी कॅमेरा बदलते आहे. नुसती बॉडी नाही, सगळी सिस्टीमच. दुसरी कंपनी. मिररलेस, म्हणजे पोटात आरसा नसलेला, त्यामुळे हलका. माझा उजवा खांदा आता ऐकत नाही गं. कॅमेरा, टेली लेन्स, ट्रायपॉड, पाण्याच्या बाटल्या आणि तुझ्यासाठीचे तिळाचे लाडू एवढं सगळं पाठीवर घेऊन पठारावर चढणं यापुढे जमणार नाही.

याचा अर्थ काय ते तुला माझ्याआधी कळेल. लेन्स जिथे फिरवून बसवतो ती कडी, ते माउंट, वेगळं होणार. वाइड तुझी, टेली माझी आणि दोन्ही दोघींच्या, हा आपला इतक्या वर्षांचा संसार मोडणार.

फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तू जिंकतेस. कळव्याच्या शाळेत आयुष्यभर पीटी शिकवलेल्या बाईच्या आवाजापुढे माझं काय चालणार? व्हॉट्सॲपवर हल्ली मी काहीही लिहिलं तरी तू नुसता अंगठा पाठवतेस. तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत लिहायचो तशी पत्रंच बरी. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही.

सोनं घे, सोन्यासारखी राहा. रागाव, पण उत्तर दे.

तुझी,
प्रमोदिनी


चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२१ ऑक्टोबर

प्रमोदिनीबाईंस स. न. वि. वि.,

पाणी प्यायले. काही उपयोग झाला नाही.

साठीनंतर माणसं दात बदलतात, गुडघे बदलतात. तू कंपनी बदलतेस. आणि म्हणे आरसा नसलेला कॅमेरा! अमावस्येच्या काळोखात, जिथे कोल्हासुद्धा बघायला येत नाही, तिथे केस विंचरून ओढणी सारखी करणारी तू. तुझं आरशाशिवाय कसं निभेल गो?

माझी वाइड मी आता कोणाच्या गळ्यात घालू ते सांग. ती तुझ्या टेलीच्या शेजारी वाढलेली आहे. या वयात तिला दुसरं स्थळ कुठून बघू? त्यात तिला बुरशी लागली असणार. गेल्या वेळचे माझे सगळे फोटो धूसर आले ते त्यामुळेच. खाडीकाठची दमट हवा, दुसरं काय. एकदा दुकानात दाखव.

अक्षर मोठं दिसेल. वर्षालीच्या लग्नाची तयारी चालू आहे. घरातली सगळी चांगली पेनं याद्यांच्या कामाला लागली आहेत, माझ्या वाट्याला हा मार्कर उरलाय. धाकूदादाचा अवतार तर बघण्यासारखा आहे. मुलीच्या लग्नासाठी होडीला रंग काढतोय. नवरा मुलगा कल्याणचा, तो काही होडीतून येणार नाही, हे त्याला कोण सांगणार?

आणि एक. संक्रांतीनंतरच्या अमावस्येला ताऱ्यांचे फोटो काढायला माळशेजला जायचं यंदा माझं जमेलसं दिसत नाही. लग्नानंतर घरात येणं-जाणं असणार, शिवाय माझा गुडघा. तू जा. कॅमेरा हलका घेते आहेसच, त्याला सोबत कशाला लागते?

तुझ्या खांद्याला शेक दे.

चंद्रभागा


डोंबिवली पूर्व,
६ नोव्हेंबर

प्रिय चंदे,

मार्करने लिहिलेलं पत्र आमच्या पोस्टमनने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असावं. जिन्यातूनच ओरडला, "काकू, तुमचं पोस्टर आलंय."

तुझ्या गुडघ्याबद्दल वाचून वाईट वाटलं. गेल्या खेपेलाही तू गुडघ्याचंच सांगितलं होतंस आणि तुझ्या लाल गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली होतीस. ज्या गाडीच्या स्टिअरिंगला तू सख्ख्या भावाला हात लावू देत नाहीस! मला तो माझा सन्मान वाटला. शीळफाट्याच्या चौकात मी ती बंद पाडली, मागे ट्रकची रांग लागली आणि तू खिडकीतून डोकं काढून तुझी पीटीची शिटी फुंकलीस, तेव्हा सन्मान संपला. हे अजून त्या शिटीचा आवाज काढून दाखवतात, तोही जेवताना.

आणि पठारावर पडलीस ती सँडलचा पट्टा तुटला म्हणून. तो पट्टा मी नंतर पाहिला. बरा होता. पण असो. डॉक्टरांनी तुझा गुडघा बघितला का? मी फक्त विचारते आहे.

भाऊबीज आटोपून ठाण्याला आले होते. तुमच्याकडे याद्या चालल्या असतील म्हणून डोकावले नाही, कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "दिवे घालव." तिने मालकाकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाळा, मला रात्री वापरायचा आहे, तर रात्रीच बघायला नको का?" शेवटी मालकाने शटर अर्धं ओढलं आणि दिवे घालवले. दुकानात मी, ते दोघं आणि एक घाबरलेलं गिऱ्हाईक.

चंदे, आपल्या जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगातून काळोखात काळोखच दिसतो. याच्या भिंगाच्या आत एक छोटा टीव्ही आहे. सेटिंग बदललं की तो काळोख उजळून दाखवतो. उघड्या डोळ्यांना समोरची भिंतसुद्धा दिसत नव्हती, आणि भिंगातून मी त्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली चतुर्थी वाचली. एखादा तारा हवा तेवढा मोठा करून फोकस लावता येतो. डोळे बारीक करायला नकोत, की अंदाज नको.

माझा डावा खांदा कालपासून पुन्हा बोलायला लागलाय, तेव्हा आवरते. हळदीला भेटूच. तिथे गर्दीत बोलणं व्हायचं नाही, म्हणून इथेच विचारते. अमावस्येला येणार की नाही? एका ओळीत कळव. मार्करने चालेल.

तुझी,
प्रमोदिनी


चेंदणी कोळीवाडा
२७ नोव्हेंबर

प्रमोदिनी,

हळद झाली, लग्न झालं, वर्षाली कल्याणला गेली. होडी रंगवून उभी आहे आणि तिच्यात कोणी बसलं नाही. धाकूदादा तिच्याकडे बघत बसतो. त्याला मुलगी गेल्याचं वाईट वाटतंय, पण विचारलं तर म्हणतो, रंग चुकला.

आता तुझ्याविषयी. हळदीला तू दोन्ही हात डोक्यावर नेऊन नाचलीस. एकदा नाही. बँडवाले थकले, तू थकली नाहीस. एवढं मला अजून दिसतं. घरी येऊन तुझी दोन्ही पत्रं काढली. पहिल्यात उजवा खांदा दुखतो, दुसऱ्यात डावा. सोंगसुद्धा नीट आणता येत नाही तुला. नाटकात सिस्टरनी तुला झाडाचं काम दिलं होतं ते उगाच नाही.

मग मी विचार केला. खांदा दुखत नाही, तर ही बाई माझ्यापासून सुटी का होते आहे? गाडी, सँडल, धूसर फोटो, सगळं तुझ्या लक्षात आलेलं दिसतंय. तुला माझं ओझं झालं असेल तर सरळ सांगायचं. दुसरं माउंट घेऊन, हसतहसत, पत्रातून काडीमोड कशाला? मी काही रडणारी नाही.

लेन्सला बुरशी नाही. मला काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. गेल्या पावसाळ्यात कळलं. बाजूचं आधी जातं, समोरचं राहतं. गेलेलं परत येत नाही, आणि उरलेलं टिकावं म्हणून रोज डोळ्यांत थेंब घालते. दिवसा ठीक आहे. उजेड कमी झाला की पायरी आणि पायरीची सावली यातला फरक कळत नाही. त्या रात्री पठारावर मला दगड दिसला नाही. मृग दिसलं नाही. तू "बघ, बघ, काय निघालाय व्याध" म्हणत होतीस आणि मी "हो गो, हो" म्हणत होते.

घरात फक्त वर्षालीला माहीत आहे. कोणाला सांगू नकोस. शाळेतल्या मुलींना मी आयुष्यभर सांगितलं, पडलात तर उठा आणि पळा. मलाच कोणी हात धरून चालवलं तर ते बघवायचं नाही.

वाइड तुझ्याकडेच ठेव. मला आता तिचा उपयोग नाही.

चंद्रभागा


डोंबिवली पूर्व,
२ डिसेंबर

माझ्या चंदे,

पत्र वाचून मी तुला फोन लावला. तू उचलला नाहीस. मग तुझ्या दारात यायला निघाले, तर हे म्हणाले, "तिने पत्रात लिहिलंय, तू पत्रातच सांग. समोर गेलीस की दोघी भांडाल आणि मूळ गोष्ट राहून जाईल." लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात हे पहिल्यांदा बरोबर बोलले.

माझे दोन्ही खांदे उत्तम आहेत. तुला डोळ्यांचं बोलायचं नव्हतं, म्हणून मी खांद्याचं बोलले. झाडाचं काम मी चांगलं केलं होतं, हे मात्र पुन्हा एकदा सांगते.

नवरात्राच्या आधी तुझी वाइड पुसत होते. तिच्या कडीवर तुझा नेलपॉलिशचा ठिपका असतो, ताऱ्यांवर फोकस लावायला कडी कुठे थांबवायची त्याची खूण. सिस्टर लुईझांनी बंदी घातलेल्या वस्तूंपैकी तू आयुष्यात विकत घेतलेली एवढी एकच, आणि तीही नखांना कधी लावली नाहीस. तर ठिपका एक असायला हवा, तिथे दोन होते. पहिला डाळिंबी, तुझा जुना. दुसरा नारिंगीकडे झुकणारा आणि बराच सरकलेला. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत मी जन्मभर छटा जुळवल्या आहेत. दोन लाल मला एक दिसत नाहीत. तुला मात्र दिसले.

गच्चीवर जाऊन दोन्ही ठिपक्यांवर फोटो काढून पाहिले. जुन्यावर तारे सुईच्या टोकासारखे आले. नव्यावर एकेक तारा साबुदाण्याएवढा. मग किल्ली आठवली, सँडल आठवली, तुझे अंगठे आठवले. बुरशीचं तर तू नंतर लिहिलंस. मी दुकानात विचारलं, लेन्स स्वच्छ आहे.

म्हणून मी तो दिवे घालवायचा तमाशा केला. हलका कॅमेरा मला नको होता. काळोखात दाखवणारा हवा होता, आणि दाखवायचं तुला होतं. दुसऱ्या कंपनीचा घेतला, कारण आधी चौकशी केली तेव्हा याच्याच भिंगात काळोख सर्वांत उजळ दिसतो असं कळलं, आणि दुकानात ते पटलं. सुटं व्हायचं असतं, तर तुझ्या वाइडसाठी मधली कडी कशाला घेतली असती? एका बाजूला आपलं जुनं माउंट, दुसऱ्या बाजूला नवं. ॲडाप्टर म्हणतात. वाइडला स्थळ मिळालं, बाई. मध्यस्थ मी.

कॅमेरा घरात आला आहे. काल गच्चीवर नेला होता. डोंबिवलीचं आकाश तुला ठाऊक आहे, कारखान्यांचा धूर आणि रस्त्यावरचे दिवे. त्यातूनही मला कृत्तिका दिसल्या. एकटीने बघून काही मजा आली नाही.

एकोणतीस जानेवारीला अमावस्या आहे. गाडी मी चालवेन, शिटी तू आण. हात धरायचा नसेल तर माझ्या ओढणीचं टोक धर. ती मी सारखी करते म्हणून हसत असतेस ना, आता तिचा काही उपयोग तरी होईल.

नाही दिसलं तर नाही दिसलं. लाडू खाऊन परत येऊ. पण दिसतं की नाही हे तू तिथे येऊन ठरव. घरात बसून ठरवू नकोस.

तुझी,
पमू


चेंदणी कोळीवाडा
३ फेब्रुवारी २०२५

पमू,

परवाच्या परवा तर भेटलो, तरी लिहिते आहे. गाडीत तू चालवत होतीस, म्हणून मी बोलले नाही. तू चालवत असताना मी फक्त देवाशी बोलते.

तुझी ओढणी धरून पठारावर चालले तेव्हा प्रार्थनेची रांग आठवली. पुढचीचा पट्टा धरा, मुलींनो. चहाच्या टपरीवरची बाई बघत होती. बघू दे म्हटलं. तिला वाटलं असेल, दोघींपैकी एक वेडी आहे, आणि नक्की कोणती ते तिला ठरवता आलं नसेल.

तू कॅमेरा ट्रायपॉडवर लावलास आणि मला भिंगाला डोळा लावायला सांगितलंस. आधी काहीच नव्हतं. मला वाटलं, झालं, हिचे पैसे वाया गेले, आता "वा, वा" म्हणायला हवं. मग तू काहीतरी फिरवलंस आणि आपला पांगारा उभा राहिला. बोडका, नेहमीचा, वाकडी फांदी डावीकडे. आणि त्याच्यावर मृग. पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, खाली व्याध, एवढा मोठा की मी डोळा मागे घेतला.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. माझं बाजूचं गेलंय, समोरचं आहे. उघड्या आकाशाकडे बघताना सारखं वाटतं, कडेला काहीतरी आहे आणि आपल्याला दिसत नाही. त्या भिंगात कडेला काही नसतंच. सगळं आकाश चौकटीत घालून समोर आणून ठेवलेलं. तिथे माझे डोळे आणि तुझे डोळे सारखेच. म्हणून मी इतका वेळ हलले नाही. तू मागून "थंडी वाजते, चंदे, मलाही बघू दे" म्हणत होतीस ते ऐकू येत होतं. मुद्दाम दिलं नाही.

फोटो मी काढला, फोकस मी लावला, तारा मोठा करून. वर्षालीच्या नवऱ्याने तो मोठा छापून आणलाय. दादा म्हणतो, होडीच्या रंगापेक्षा बरा आहे.

आता वाटणी. नीट वाच आणि वाद घालू नकोस.

माझी जुनी बॉडी वर्षालीला, लेन्स तिची तिने घ्यावी. तिचा नवरा सगळं फोनवर काढतो, त्याला जरा वजन कळू दे. तुझी जुनी बॉडी आणि टेली धाकूदादाला. संध्याकाळी तो खाडीवर जाऊन फ्लेमिंगो बघत बसतो, मुलगी गेल्यापासून जास्तच. डोळ्यांपुढे काहीतरी धरलेलं असलं की माणसाचे डोळे कोणाला दिसत नाहीत, त्याला त्याची गरज आहे. जड ट्रायपॉड तुझ्या ह्यांना, घोसाळ्याचा वेल चढवायला. त्यांनी तुला पत्र लिहायला लावलं, तेव्हा त्यांचा हक्क आहे. शिटी गाडीतच राहील, आणि गाडीची किल्ली यापुढे तुझ्याकडे. शीळफाट्यावर ती बंद पडणं थांबलं की गाडीही तुझी.

नवा कॅमेरा वद्य पक्षात ठाण्याला, शुद्ध पक्षात डोंबिवलीला. चांदण्यात तारे दिसत नाहीत ही तक्रार करू नकोस, केस विंचरायला चांदणं बरं असतं. माझं समोरचंही गेलं तर कॅमेरा तुझा. मग तू बघायचं आणि मला सांगायचं, आणि खरं सांगायचं, झाडाचं काम करायचं नाही.

वाइड कॅमेऱ्याबरोबर राहील, मधली कडी लावलेली. तिच्यावरचे दोन्ही ठिपके तसेच ठेव. एक फोकसचा आहे. दुसरा चुकीचा आहे, पण तो नसता तर तू गच्चीवर गेली नसतीस.

कर्कटक माझ्याकडे आहे, अजून. कपाटात सापडलं, कडी गंजली आहे. ते कोणाला द्यायचं नाही. पेन्सिल तू आण.

चंदा